मोनेचा समुद्र उतरवून घेताना: नक्कल करण्याची रीत, पायरीपायरीने

इंदुरात चित्रकला शिकणाऱ्यांचा हात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या दगडी स्मारकांवर, आणि राजवाड्यावर तयार होतो. दगडी बांधकामाला ठाम कडा असतात, उन्हातली सावली नेमकी पडते. हाच हात समुद्राकडे वळला की पाण्यालाही तशाच कडा येतात, रंग ट्यूबमधून काढल्यासारखा निळा होतो आणि पाणी आडवं पसरण्याऐवजी उभं दिसायला लागतं. समुद्र रोज पाहायला मिळत नसेल, तर एखाद्या थोर चित्रकाराचं सागरचित्र उतरवून घेणं हा उत्तम अभ्यास आहे. पण हा अभ्यास बहुतेक जण चुकीच्या क्रमाने करतात. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेक चौकोन पूर्ण करत खाली येतात. चित्र मुळासारखं थोडंफार दिसतं, पण चित्रकाराने कोणता निर्णय आधी घेतला आणि कोणता मागाहून, हे हाताला कळतच नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या तो क्रम कळावा म्हणून आहेत, त्यामुळे त्या मागेपुढे करू नका.

कोणतं चित्र घ्यावं

पहिल्या नक्कलेसाठी मी क्लोद मोने यांचं १८८२ सालचं पूरव्हिलच्या कड्यावरचं चित्र सुचवते. समुद्रकाठच्या गवताळ कड्यावर दोन स्त्रिया उभ्या आहेत, एकीच्या हातात उन्हाची छत्री आहे, खाली पाण्यात पांढऱ्या शिडांच्या होड्या आहेत. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचं, द्येप या बंदराजवळचं हे गाव. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तैलरंग, कॅनव्हास, उंची ६६.५ सेंटिमीटर, रुंदी ८२.३ सेंटिमीटर.

निवडीची कारणं सरळ आहेत. आकाश, समुद्र आणि कडा असे तीनच मोठे भाग. उंचावरून पाहिलेलं पाणी, त्यामुळे फुटणाऱ्या लाटा काढायची कसरत नाही. ब्रशचे फटकारे उघडे आहेत, म्हणजे चित्र कसं बनलं ते डोळ्यांना दिसतं. आणि मोने १९२६ साली वारले असल्यामुळे स्वामित्वहक्काची अडचण नाही. संग्रहालय आपल्या संकेतस्थळावरून या चित्राची मोठी, स्वच्छ प्रतिमा विनामूल्य देतं.

तीच प्रतिमा घ्या. शोधल्यावर पहिली दिसणारी घेऊ नका. अशा प्रतिमांमध्ये रंग भडक केलेले असतात आणि कडेचे भाग कापलेले असतात.

*तपासणी:* प्रतिमेच्या रुंदीला उंचीने भागा. उत्तर १.२४च्या आसपास आलं पाहिजे. जास्त फरक असेल तर प्रतिमा कापलेली किंवा ताणलेली आहे.

सामान

१६ × २० इंचांचा तयार कॅनव्हास या चित्राला जवळजवळ बरोबर बसतो. १६ इंच उंचीला रुंदी १९.८ इंच येते, म्हणून एका बाजूला सुमारे ५ मिलिमीटरची पट्टी सोडून रेघ मारा. ती पट्टी रंगवायची नाही.

रंग थोडेच घ्या: टायटॅनियम व्हाइट, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, लेमन यलो, यलो ऑकर, वर्मिलियन, क्रिमझन लेक. काळा घेऊ नका. घेतला की सावलीत शिरतो, आणि या चित्रातल्या सावल्या निळ्या-जांभळ्या आहेत.

ब्रश राठ केसांचे, चपटे, ४, ६ आणि ८ नंबरचे, प्रत्येकी दोन; शिडांसाठी एक २ नंबरचा गोल. रंग मिसळायला पॅलेट नाइफ. टर्पेंटाइन आणि चित्रकामाचं लिनसीड (अळशीचं) तेल. किराणा दुकानातलं अळशीचं तेल चालत नाही, ते नीट सुकत नाही आणि लवकर पिवळं पडतं. खजुरी बाजारातून जाड पुठ्ठा, ट्रेसिंग पेपर आणि पारदर्शक प्लास्टिक शीट आणून ठेवा. तिन्हींचा उपयोग पुढे आहे.

*सावधान:* लिनसीड तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि दाबून ठेवलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. चिंध्या पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेंटाइन उघडं असताना खिडकीही उघडी हवी.

१. उजेड आणि प्रतिमा एका पातळीवर आणा

कॅनव्हास, पॅलेट आणि छापील प्रत, तिन्हींवर एकच उजेड पडला पाहिजे. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम. रात्री काम करायचं असेल तर पांढरा एलईडी दिवा लावा. पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग दिसेनासा होतो, मग तुम्ही तो वाढवत जाता आणि सकाळी गवत लिंबासारखं निघतं.

दोन प्रती छापून घ्या, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. चित्र २४ × १९.४ सेंटिमीटर ठेवलं तर ए-४ कागदावर नीट मावतं. कॉपीच्या दुकानातल्या साध्या प्रिंटमध्ये निळा रंग हमखास बदलतो, त्यामुळे फोटो छापणाऱ्या लॅबमधून मॅट कागदावर प्रत काढा.

पडद्यावर पाहून काम करणार असाल तर मोबाइलचा रात्रीचा पिवळा मोड आणि आपोआप बदलणारी प्रखरता बंद करा. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत प्रखरता कमी करा. प्रिंट किंवा पडदा, दोन्हींपैकी एकच प्रमाण माना. मध्येच बदललं की आधीचा निम्मा रंग चुकलेला वाटू लागतो आणि चांगलं काम खरवडलं जातं.

२. ब्रश हातात घेण्याआधी चित्र वाचा

चित्रासमोर बसून वहीत उत्तरं लिहा. क्षितिज वरच्या कडेपासून उंचीच्या कितव्या भागावर आहे? पट्टीने मोजा. सगळ्यांत गडद जागा कोणती? सगळ्यांत उजळ कोणती, ढग की शीड? ऊन कुठून येतं? समुद्रातले फटकारे कोणत्या दिशेने जातात आणि गवतातले कोणत्या? कोणती कडा धारदार आहे आणि कोणती विरघळलेली?

शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. कृष्णधवल प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून धारदार कडा जाड रेघेने आणि मऊ कडा तुटक रेघेने काढा. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या रंगवून आलेल्या विद्यार्थ्यांच्या लक्षात इथेच येतं की या चित्रात धारदार कडा किती मोजक्या आहेत.

आणखी एक. हा खडूच्या दगडाचा, उत्तरेकडच्या हवेतला किनारा आहे. कोकणातला जांभा, माड, मावळतीचं केशरी आकाश यांतलं काहीही यात घालू नका. नक्कल करताना चित्र सुधारायचा मोह ज्याला आवरत नाही, त्याला त्या चित्राकडून काही मिळत नाही.

३. चार टोनचा छोटा आराखडा

ही पायरी सगळ्यांत जास्त गाळली जाते. पुढे बिघडलेल्या दहांतल्या आठ चित्रांचं मूळ मला इथेच सापडतं.

पुठ्ठ्याच्या पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर, फक्त अल्ट्रामरीन आणि पांढरा वापरून, चित्र चार टोनमध्ये मांडा: उजळ, मध्यम उजळ, मध्यम गडद, गडद. स्त्रिया नाहीत, होड्या नाहीत, ढगांचे आकार नाहीत. आकाश एक टोन, समुद्र एक, उन्हातलं गवत एक, कड्याची सावली एक. डोळे अर्धवट मिटून मूळ कृष्णधवल प्रत पाहिली की बारकावे गळून पडतात आणि हे चार भाग आपोआप दिसतात.

समुद्र आकाशापेक्षा किती गडद आहे, हाच इथला खरा प्रश्न. समुद्र पाहिलेला नसला की मनातला समुद्र गर्द निळा असतो, म्हणून तो दोन टोन खाली जातो. मग शिडं चमकावीत म्हणून पांढरा वाढवावा लागतो, ढग मळकट वाटू लागतात, आणि एका चुकीमागे सगळं चित्र धावतं.

*तपासणी:* आराखडा आणि कृष्णधवल प्रत शेजारी ठेवून पाच-सहा पावलं मागे जा. दोन्हींची एकंदर मांडणी एकसारखी दिसली तरच पुढे जा. नाही दिसली तर दुसरा तुकडा घ्या; पुठ्ठा स्वस्त आहे.

४. रंगांची पट्टी

रंगीत प्रतीवर पारदर्शक प्लास्टिक शीट ठेवा. समुद्रातल्या एका जागी मिसळलेल्या रंगाचा ठिपका त्या शीटवर लावा. ठिपका खालच्या चित्रात हरवला तर रंग जुळला. उठून दिसला तर आधी टोन पाहा, उजळ हवा की गडद. मग रंग पाहा, निळसर हवा की हिरवट. हा क्रम उलटा केला की रंग मिसळतच बसाल.

किमान या जागा जुळवा: क्षितिजाजवळचं पाणी, मधलं पाणी, कड्याजवळचं पाणी, उन्हातलं गवत, सावलीतलं गवत, कड्याची सावली, ढगाचा उजळ भाग, ढगाची खालची बाजू. जुळलेला प्रत्येक रंग पुठ्ठ्याच्या पट्टीवर लावा आणि खाली मिश्रण लिहून ठेवा. पाण्याची सुरुवात कोबाल्ट, व्हिरिडियन आणि पांढऱ्यापासून करा. दूर जाताना कणभर क्रिमझन, जवळ येताना कणभर पिवळा.

*सावधान:* टायटॅनियम व्हाइट फार जोरकस असतो. मोनेच्या काळात वापरला जाणारा शिशाचा पांढरा इतका झाकणारा नव्हता, पण तो विषारी आहे, त्याच्या मागे जाऊ नका. आपण पांढरा निम्म्याने कमी घ्यावा आणि लागला तरच वाढवावा. जास्त झाला की सगळे रंग खडू मिसळल्यासारखे निस्तेज होतात. व्हिरिडियनही असाच चढतो, तो पॅलेट नाइफच्या टोकाने घ्या.

५. रेखाटन

वर्तमानपत्राची पट्टी कॅनव्हासच्या रुंदीएवढी कापून दोनदा घडी घाला, चार समान भाग मिळतील. उंचीचंही तसंच करा. प्रिंटवर आणि कॅनव्हासवर चार उभे, चार आडवे भाग आखले की पुरे. बारीक जाळी आखली की नजर एका चौकोनात अडकते.

पेन्सिलीऐवजी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला कोबाल्ट आणि ४ नंबरचा ब्रश वापरा. फक्त क्षितिज, कड्याच्या बाह्यरेषा आणि स्त्रियांच्या जागी दोन छोट्या खुणा.

*तपासणी:* क्षितिज दोन्ही टोकांना वरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर आहे का, पट्टीने मोजा. २ मिलिमीटरचा कलही डोळ्याला खुपतो, समुद्र सांडतोय असं वाटतं.

६. पहिला थर

या थरात तेल नाही, फक्त टर्पेंटाइन. ८ नंबरच्या ब्रशने आराखड्यातले चारही भाग रंगपट्टीतल्या सरासरी रंगाने पातळ भरून टाका. एकाच बैठकीत सगळा कॅनव्हास झाकला गेला पाहिजे. कोरा पांढरा भाग शिल्लक राहिला की त्याच्या शेजारचा प्रत्येक रंग गडद वाटतो आणि तुम्ही तो उजळ करत सुटता. एखाद्या भागाचा आकार किंवा टोन चुकला असेल तर आत्ताच चिंधीने पुसून परत भरा. पुढे याला फार किंमत मोजावी लागते.

थर सुकू द्या. उन्हाळ्यात माळव्यातल्या कोरड्या हवेत हा थर लवकर सुकतो, श्रावणात रेंगाळतो. बोट टेकवून पाहा. रंग बोटाला लागता कामा नये.

७. आकाश

आकाश समुद्राच्या आधी करा, कारण पाण्याचा उजळपणा त्यावर ठरतो. आता रंगात लिनसीडचे एक-दोन थेंब चालतील. ढगांना बाह्यरेषा काढू नका. निळा आणि ढगाचा रंग शेजारी शेजारी ठेवा आणि ते जिथे भेटतात तिथे एकदाच ब्रश फिरवा. ढगाचा उजळ भागही शुद्ध पांढरा नाही, त्यात उबदार छटा आहे. क्षितिजाकडे येताना निळा फिका होत जातो.

८. समुद्र

इथे घाई नको. हा भाग दोन बैठकांत करा.

पाणी ही दूर जाणारी आडवी जमीन आहे, ही गोष्ट फटकाऱ्यांतून दिसली पाहिजे. लांब अंथरलेल्या सतरंजीचे पट्टे जसे दूर जाताना अरुंद आणि दाट होत जातात, तसे फटकारेही. कड्याजवळ ६ नंबरच्या ब्रशचे मोठे, मोकळे, थोडे वळणदार फटकारे. मध्यावर ४ नंबरचे आखूड. क्षितिजाजवळ जवळजवळ आडवे, बारीक, एकमेकांना खेटून. सगळीकडे एकाच मापाचा फटकारा मारणं, ही समुद्रातली सर्वांत मोठी चूक. रंग कितीही अचूक असला तरी मग पाणी उभंच राहतं.

पहिल्या बैठकीत क्षितिजापासून सुरुवात करून खाली या. दूरचा निळसर-जांभळट, मधला निळा-हिरवा, जवळचा हिरवट. तीन पट्टे दिसता कामा नयेत, म्हणून सीमेवर दोन्हीकडचे रंग एकमेकांत शिरू द्या. पहिल्या पातळ थराचा थोडा भाग फटकाऱ्यांमधून दिसत राहू द्या. त्या फटींमुळेच पाणी हलतं.

फटकारा मारला की तो तसाच सोडा. मऊ ब्रशने पाणी गुळगुळीत करायची सवय अनेकांना असते. घोटलेला समुद्र प्लास्टिकसारखा दिसतो आणि रंगही मळतात. प्रत्येक दोन-तीन फटकाऱ्यांनंतर ब्रश चिंधीला पुसा.

लाटा काढू नका. इतक्या उंचीवरून सुटी लाट दिसत नाही, पाण्याच्या पृष्ठभागावरचा प्रकाशाचा बदल दिसतो. ओळीने काढलेले कमानीचे आकार लहानपणच्या चित्रांतून येतात, ते हातातून जायला वेळ लागतो.

दुसऱ्या बैठकीत, थर बोटाला लागेनासा झाल्यावर, वरून मोजके वेगळे फटकारे द्या: कुठे जांभळट, कुठे पाचूसारखा हिरवा, कुठे फिका. समुद्रातला सगळ्यांत उजळ फटकारासुद्धा शिडापेक्षा एक पायरी गडद राहिला पाहिजे.

क्षितिजरेषा शेवटी पाहा. ती सरळ हवी, पण कापल्यासारखी नको. कोरड्या स्वच्छ ब्रशने दोन-तीन ठिकाणी हलकेच आडवा स्पर्श करा, म्हणजे आकाश आणि पाणी तिथे एकमेकांत मिसळतील.

*तपासणी:* मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढा आणि आराखड्याशी ताडून पाहा. मग कॅनव्हास उलटा करून पाहा. उलट्या चित्रातही पाणी दूर जात असेल तर काम बरोबर आहे.

९. कडा आणि गवत

गवतातले फटकारे उताराच्या दिशेने वळतात. कड्याचा आकार बाह्यरेषेने सांगता येत नाही, फटकाऱ्याच्या दिशेने सांगता येतो. आधी सावलीचा भाग निळ्या-जांभळ्यात, मग उन्हातलं गवत वर. हिरवा थेट ट्यूबचा कधीच नाही: लेमन यलोमध्ये व्हिरिडियन कमी, ऑकरने तो जमिनीवर आणायचा, आणि मधूनमधून वर्मिलियनचा किंवा फिक्या गुलाबीचा सुटा ठिपका. पावसानंतरचा माळवा डोळ्यांत असतो, त्यामुळे आपल्याकडच्यांचं गवत जास्त गर्द होतं. पट्टीवर नजर ठेवा.

एकेक पातं काढू नका. कड्याची समुद्राला भिडणारी कडा हीच चित्रातली खरी धारदार कडा आहे. तीही सगळीकडे सारखी ठेवू नका.

१०. शिडं आणि दोन स्त्रिया

सगळ्यांना सुरुवात इथून करायची असते, आणि म्हणूनच ही पायरी शेवटी ठेवली आहे. खालचा समुद्र पूर्ण सुकलेला हवा, नाहीतर पांढरा निळ्यात बुडतो.

शिडासाठी पांढऱ्यात कणभर ऑकर. एक शीड, एक स्पर्श. परत हात लावायचा नाही. दूरची शिडं लहान आणि किंचित निळसर. अंतरं सारखी नकोत, प्रिंटच्या खुणांवरून जागा घ्या.

स्त्रियांच्या आकृत्या काही फटकाऱ्यांच्याच आहेत. चेहरे नाहीत, बोटं नाहीत. आधी गडद भाग, मग कपड्यांवरचं ऊन, शेवटी छत्री. पारदर्शक शीट कॅनव्हासवर धरून तिच्यावर आधी सराव करा. जमलं नाही तर शीट पुसता येते.

११. कधी थांबायचं

चित्र दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग आरशात पाहा. खटकणाऱ्या जागा कागदावर लिहा आणि टोनच्या चुका तेवढ्या दुरुस्त करा. एखादा ढग मुळाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून सुकलेल्या चांगल्या भागाला हात लावू नका.

मागच्या बाजूला तारीख, आपलं नाव आणि ‘क्लोद मोने यांच्या १८८२च्या चित्रावरून’ असं लिहा. पुढे मोनेची सही उतरवू नका. अभ्यासाची नक्कल उद्या दुसऱ्याच्या हातात गेली तरी ती नक्कल म्हणूनच ओळखली गेली पाहिजे. व्हार्निश लावायची घाई नको. पातळ थरांना सहा महिने, जाड ठिकाणी वर्षभर जाऊ द्या.

१२. नक्कल झाल्यावरचा आठवडा

मूळ चित्र आणि नक्कल दोन्ही झाकून ठेवा आणि पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तेच चित्र आठवणीने काढा. जे भाग आठवले ते तुम्ही शिकलात. जे आठवले नाहीत, ते फक्त उतरवले होते. त्या पायरीकडे परत जा.

मग स्वतःचं पाणी गाठा. महेश्वरला किल्ल्याच्या वरच्या बाजूने नर्मदा पाहिली की तीच मांडणी मिळते: उंचावरची नजर, खाली पसरलेलं पाणी, त्यावर नावा, पलीकडे काठ. तेवढं लांब जाणं जमत नसेल तर यशवंत सागर किंवा सिरपूरचा तलाव सकाळच्या उजेडात चालेल. आधी चार टोनचा आराखडा, मग पाण्याचे तीन रंग पट्टीवर, मग एका तासात लहान आकाराचं चित्र. तिथला काठ खडूचा नाही आणि पाणी नॉर्मंडीचं नाही, म्हणून मोनेच्या रंगांची पट्टी घरी ठेवून जा आणि नवी तिथेच बनवा.